एकाच ८०८० वर दोघांचा दावा: ‘ट्रॅफिक’ रिव्हर्स प्रॉक्सीचा दोन हंगामांचा अनुभव

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातल्या एका छोट्या खोलीत आमचा लहानसा सर्व्हर आहे. त्यावर तीन निरनिराळ्या मंडळींची कामे चालतात: काही हापूस बागायतदारांनी मिळून सुरू केलेली आंब्याच्या पेट्यांची नोंदणी, गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका घरगुती निवासाचे खोली-आरक्षण आणि एका वाचनालयाची पुस्तकसूची. तिन्ही कामे डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळे ठेवणाऱ्या बंद डब्यांत, चालतात, प्रत्येकाचा डेटाबेस स्वतंत्र आहे आणि देखभाल माझ्याकडे आहे. गेले दोन हंगाम या सर्व्हरच्या दारात मी ‘ट्रॅफिक’ हा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक विनंती योग्य साइटकडे वळवणारा दारवान, बसवला आहे. त्याचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असले तरी उच्चार रस्त्यावरच्या ट्रॅफिकसारखाच करायचा असतो. पोर्ट म्हणजे यंत्रावरचे क्रमांक दिलेले दार, ज्यावर एखादा प्रोग्रॅम ऐकत बसतो; अशा पोर्टच्या भांडणांवर उपाय म्हणून तो कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

या साधनाकडे मी वळले ते एका एप्रिलमधल्या गोंधळानंतर. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला, वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरी मध्यरात्रीनंतर संपली आणि पहाटे वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला. सकाळी नऊच्या सुमारास एका बागायतदार काकांचा फोन आला. “अगं, आपल्या साइटवर पेट्यांच्या जागी खोल्यांचे दर दिसतायत. मुंबईचं गिऱ्हाईक विचारतंय, मी काय सांगू त्याला?” हंगाम ऐन भरात होता, आढीतले फळ तयार होत आले होते आणि तयार झालेला हापूस दोन दिवसही थांबत नाही. मी ‘डॉकर पीएस’ चालवून पाहिले, तर चालू कंटेनरांच्या यादीत आंब्याची साइट नव्हतीच. बंद असलेल्यांसह पूर्ण यादी मागितल्यावर तो कंटेनर सापडला आणि त्याच्या तपशिलात एक ओळ मिळाली: ‘बाइंड फॉर ०.०.०.०:८०८० फेल्ड: पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड’. म्हणजे ८०८० हा पोर्ट आधीच दुसऱ्या कंटेनरला दिलेला होता.

तो दुसरा कंटेनर कुठून आला, हे समजायला मला अर्धा तास लागला. पावसाळ्यात आंब्याची साइट बंद असते. त्या काळात ८०८० मोकळा दिसला म्हणून निवासाच्या आरक्षणाची चाचणी मी त्यावर घेतली होती. पुढे आरक्षणाची खरी साइट ८०८१ वर गेली आणि चाचणीचा कंटेनर मी हाताने थांबवला, पण काढून टाकला नाही. त्याचे पुन्हा सुरू होण्याचे धोरण ‘ऑलवेज’ होते. या धोरणाची खोच अशी की हाताने थांबवलेला कंटेनरसुद्धा डॉकरची सेवा नव्याने सुरू झाली की परत उठून बसतो; तसे व्हायला नको असेल तर ‘अनलेस-स्टॉप्ड’ हे धोरण द्यावे लागते. मार्चमध्ये आंब्याची साइट चालू केली तेव्हा तो झोपलेला होता, त्यामुळे काहीच अडले नाही. पहाटे यंत्र नव्याने सुरू झाले तेव्हा दोघेही उठले, ८०८० आधी चाचणीच्या कंटेनरने घेतला आणि आंब्याच्या कंटेनरला जागा उरली नाही. पहिल्याच प्रयत्नात सुरू होऊ न शकलेल्या कंटेनरला डॉकर त्या धोरणाखाली पुन्हा पुन्हा उठवत बसत नाही, म्हणून सकाळपर्यंत तो तसाच पडून राहिला. तेव्हा दारात असलेल्या एनजिनएक्स या रिव्हर्स प्रॉक्सीला मी फक्त एवढेच सांगून ठेवले होते की आंब्याच्या नावाने कोणी आले तर त्याला ८०८० वर धाड. त्याने सांगितलेले काम चोख केले.

हा प्रसंग सविस्तर सांगितला, कारण पोर्टचे भांडण म्हणजे दर वेळी लाल अक्षरांतली चूक दिसेलच असे नाही. कधी कधी सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसते आणि एकाच्या दारात दुसराच उभा असतो.

मुळात कंटेनरांचे आपापसांत पोर्टवरून भांडण व्हायचे कारणच नसते. लिनक्सवर प्रत्येक कंटेनरला स्वतःचे स्वतंत्र नेटवर्क-विश्व मिळते, स्वतःचा आयपी पत्ता मिळतो आणि ० ते ६५५३५ या पोर्टांची स्वतःची पूर्ण मालिका मिळते. माझ्याकडे तीन पोस्टग्रेस डेटाबेस आहेत आणि तिन्ही आपापल्या घरात ५४३२ वरच ऐकतात, एकमेकांना त्याचा पत्ताही नसतो. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाची मोरी वेगळी असावी तसे ते आहे. भांडण सुरू होते ते आपण कंटेनरचा पोर्ट यजमान यंत्रावर, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या सर्व्हरवर, प्रसिद्ध करतो तेव्हा; कंटेनर कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कंपोज फाइलमध्ये ‘पोर्ट्स’ खाली ‘८०८०:८०’ असे लिहितो तेव्हा. यातला डावीकडचा आकडा यजमानाचा आणि उजवीकडचा कंटेनरचा. डावीकडच्या आकड्यांची वही सगळ्या वाड्यात मिळून एकच असते. (हा आकडा अवतरणचिन्हांतच लिहावा. कंपोज फाइल ज्या यामल पद्धतीत लिहितात तिच्या जुन्या नियमानुसार साठपेक्षा लहान पोर्ट असलेली अशी जोडी साठ पायाच्या पद्धतीतली संख्या म्हणून वाचली जाऊ शकते आणि मग भलताच पोर्ट मागितला जातो.)

आणि खरी गोष्ट अशी की डावीकडचा आकडा बहुतेक वेळा लागतच नाही. एका कंपोज प्रकल्पातले कंटेनर एकमेकांना सेवेच्या नावाने हाक मारू शकतात. डॉकरचा आतला नामनिर्देशक ते नाव पत्त्यात बदलून देतो. ॲप्लिकेशनला ‘डीबी’ नावाच्या सेवेचा ५४३२ हवा असेल तर तो यजमानावर आणून ठेवण्याची गरज नाही. तरीही आपण सवयीने, कोणत्या तरी नमुना फाइलमधून उचलून, प्रत्येक डेटाबेसचा पोर्ट बाहेर काढतो, दुसरा डेटाबेस आला की ५४३३ करतो, तिसरा आला की ५४३४. माझ्याकडे एक वहीच होती: कोणाला कोणता आकडा दिला याची. ती मलमपट्टी होती. ट्रॅफिक वापरू लागल्यावर मला सर्वांत मोठा फायदा झाला तो हा, की ती वही बंद झाली.

ट्रॅफिक हा गो भाषेत लिहिलेला, एमआयटी परवान्याखाली मोफत मिळणारा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. त्याची सुरुवात २०१५ मध्ये झाली आणि तिसरी मुख्य आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली. मी तीच वापरते. यजमानाचे ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट तो स्वतःकडे घेतो. बाकी कोणत्याही कंटेनरने काहीही प्रसिद्ध करायचे नाही. आलेली विनंती कोणत्या नावाने आली आहे हे पाहून तो ती योग्य कंटेनरकडे आतल्या नेटवर्कवरून पोचवतो. आता, हे काम एनजिनएक्ससुद्धा करतो आणि त्यालाही कंटेनरमध्ये बसवून आकड्यांऐवजी नावांनी चालवता येते. फरक असा की एनजिनएक्सला प्रत्येक नवी साइट त्याच्या फाइलमध्ये लिहून सांगावी लागते. ट्रॅफिक मात्र डॉकरशीच बोलतो, कोणता कंटेनर उठला आणि कोणता थांबला हे त्याला लगेच कळते आणि त्या कंटेनरवर लावलेल्या लेबलांवरून, म्हणजे त्याच्या कंपोज फाइलमध्ये लिहिलेल्या छोट्या सूचनांवरून, तो आपला रस्ता स्वतः आखतो. साइटची माहिती साइटच्याच फाइलमध्ये राहते. सहा महिन्यांनी एखादी साइट काढून टाकली तर तिचा रस्ताही तिच्याबरोबर जातो, मागे काही उरत नाही. पावसाळ्यात बंद आणि मार्चमध्ये चालू होणाऱ्या आमच्यासारख्या हंगामी कामांना हा गुण फार मोलाचा आहे.

बसवताना पहिलाच अडथळा पोर्टचाच आला. ट्रॅफिकने ८० मागितला आणि उत्तर आले: ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’. हा संदेश आणि वर सांगितलेला ‘ऑलरेडी अलोकेटेड’ हे दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांतला फरक ओळखता आला तर शोध निम्म्याने कमी होतो. ‘अलोकेटेड’ म्हटले की तो पोर्ट डॉकरने स्वतःच दुसऱ्या कंटेनरला दिलेला आहे, म्हणून तो ‘डॉकर पीएस’च्या यादीत शोधावा. ‘इन यूज’ म्हटले की सहसा डॉकरबाहेरचा, थेट यंत्रावर चालणारा कोणीतरी तिथे बसलेला असतो. तो ‘एसएस’ या आज्ञेने सापडतो. मात्र ती सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवावी, नाहीतर पोर्ट दिसतो आणि बसलेल्या प्रोसेसचे नाव दिसत नाही. माझ्याकडे तो जुना एनजिनएक्सच होता. त्याला नुसते थांबवून भागत नाही, यंत्र सुरू होताना तो उठणार नाही अशीही व्यवस्था करावी लागते. एप्रिलचा धडा ताजा असल्याने ते मी विसरले नाही.

पुढची अडचण जास्त त्रासाची होती. आंब्याची साइट ट्रॅफिकमागे आणल्यावर ती उघडेना; बराच वेळ चक्र फिरून ‘गेटवे टाइमआउट’ यायचा. ट्रॅफिकच्या डॅशबोर्डवर रस्ता हिरवा दिसत होता, कंटेनरही निरोगी होता. रात्रीचे दोन तास त्यात गेले. कारण असे निघाले की तो कंटेनर दोन नेटवर्कांत होता, एक त्याच्या डेटाबेसबरोबरचे घरचे आणि दुसरे ट्रॅफिकबरोबरचे सामाईक. आणि ट्रॅफिकने त्याचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता उचलला होता, जिथे त्याला स्वतःला प्रवेशच नव्हता. कोणते नेटवर्क वापरायचे हे एका लेबलने सांगितल्यावर साइट तत्काळ उघडली. मात्र त्या लेबलात नेटवर्कचे खरे नाव लिहावे लागते आणि कंपोज आपल्या नेटवर्कांच्या नावापुढे प्रकल्पाचे नाव जोडत असते, हेही ध्यानात ठेवायला हवे. सामाईक नेटवर्क आधी हाताने तयार करून प्रत्येक फाइलमध्ये ते ‘एक्स्टर्नल’ म्हणून दिले की हा घोळ राहत नाही.

याच ठिकाणी एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. सोय म्हणून डेटाबेसही त्या सामाईक नेटवर्कात टाकू नका. तीन प्रकल्पांतल्या तिन्ही डेटाबेसांचे सेवानाव ‘डीबी’ असेल आणि तिन्ही एकाच नेटवर्कात असतील, तर ‘डीबी’ या एका हाकेला तिघे ओ देऊ शकतात. मग वाचनालयाचे ॲप्लिकेशन कधी आंब्याच्या डेटाबेसच्या दारात जाऊन उभे राहील, ते सांगता येणार नाही. पासवर्ड वेगळे असतील तर निदान चूक दिसते. ते एकसारखे ठेवलेले असतील तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही. सामाईक नेटवर्कात फक्त वेबचे कंटेनर असावेत, डेटाबेस घरातच राहावा.

लेबलांत आणखी एक जागा अशी आहे जिथे नवखा माणूस हमखास अडखळतो. ट्रॅफिकला जो पोर्ट सांगायचा तो कंटेनरच्या आतला. माझ्या एका सहकाऱ्याने जुन्या सवयीने तिथे ८०८१ लिहिले, म्हणजे पूर्वीचा यजमानाचा आकडा, आणि ‘बॅड गेटवे’ पाहत बसला. वाचनालयाचे ॲप्लिकेशन आत ३००० वर ऐकते, म्हणून लेबलातही ३०००. निवासाचे आरक्षणही आत ३००० वरच ऐकते, म्हणून त्याच्याही लेबलात ३०००. दोघांचा आकडा एकच असूनही कुठे काही अडत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले तेव्हा सगळी कल्पना त्याच्या लक्षात आली.

भांडण संपले, असे मात्र मी म्हणणार नाही. ते आकड्यांवरून नावांवर गेले. निवासाची कंपोज फाइल नक्कल करून मी वाचनालयासाठी वापरली आणि लेबलातले रस्त्याचे, म्हणजे राउटरचे, नाव बदलायला विसरले. ट्रॅफिकला एकाच नावाचे, पण वेगवेगळ्या नियमांचे दोन राउटर मिळाले. अशा वेळी तो त्यातला एक निवडत नाही, दोन्ही वगळतो आणि नोंदवहीत चूक लिहितो. परिणामी नवी साइट तर उघडली नाहीच, पण इतके दिवस बिनबोभाट चालणारी निवासाची साइटसुद्धा ‘४०४’ दाखवू लागली. माझे मत असे की दोघांना बंद करणे हे एकाला चुकीच्या दारात पाठवण्यापेक्षा बरे आहे. गिऱ्हाइकाला पान सापडले नाही तर तो फोन करतो. दुसऱ्याचेच पान दिसले तर त्याचा विश्वास जातो. शिवाय नावांची टक्कर वाचून कळते. ‘८०८०’ हे कोणाचे, ते आकड्यावरून कळत नाही. ‘हापूस’ नावाचा राउटर कोणाचा, ते विचारावे लागत नाही. तरीही जुन्या, चालत्या साइटला नव्याच्या चुकीची शिक्षा होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सुरक्षेच्या बाबतीत या व्यवस्थेचा एक लाभ मला आधी माहीतच नव्हता. डॉकर प्रसिद्ध केलेल्या पोर्टांसाठी लिनक्सची वाहतूक गाळणाऱ्या आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम लिहितो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नेहमीच्या नियमांना न जुमानता आत येते. यूएफडब्ल्यूमध्ये ५४३२ बंद दिसत असूनही प्रसिद्ध केलेला डेटाबेस बाहेरून उघडा असू शकतो. आता सर्व्हरवर ट्रॅफिकचे दोन पोर्ट सोडले तर काहीच प्रसिद्ध नाही. डेटाबेस पाहायचा असेल तेव्हा मी तो ‘१२७.०.०.१’ लावून, म्हणजे फक्त यंत्राच्या आतल्या बाजूला, तात्पुरता काढते आणि एसएसएच या सुरक्षित दूरजोडणीच्या बोगद्यातून पाहते.

पण तोटाही सुरक्षेतच आहे आणि तो लहान नाही. कंटेनरांची हालचाल कळावी म्हणून ट्रॅफिकला डॉकरचे सॉकेट, म्हणजे डॉकरला आज्ञा देण्याचे दार, द्यावे लागते. ते ज्याच्या हाती आहे त्याच्या हाती व्यवहारात सगळा सर्व्हर आहे. अनेक नमुना फाइलींत ते सॉकेट ‘फक्त वाचनासाठी’ जोडलेले दाखवतात, पण त्याने फाइल बदलता येत नाही एवढेच. सॉकेटवरून डॉकरला हव्या त्या आज्ञा पाठवता येतातच. मी मध्ये एक सॉकेट-प्रॉक्सी ठेवला आहे, जो ट्रॅफिकला कंटेनरांची माहिती वाचू देतो आणि बाकीच्या आज्ञा अडवतो. त्यासोबत दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. दिसेल तो कंटेनर बाहेर दाखवण्याची मूळ सवय बंद करावी, म्हणजे ज्याच्यावर तसे लेबल असेल तोच दिसेल. आणि डॅशबोर्ड ‘इन्सिक्युअर’ पर्यायाने उघडू नये, कारण तो पासवर्डाविना उघडतो आणि तोही ८०८० वरच.

साइट ‘एचटीटीपीएस’वर चालवण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांचे काम ट्रॅफिक उत्तम करतो. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेकडून प्रमाणपत्र आणणे आणि वेळेवर नवे करणे यात मला दोन हंगामांत हात घालावा लागला नाही. ती ज्या फाइलमध्ये साठवली जातात ती मात्र कायमच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठ्यावर, ठेवावी. नाहीतर कंटेनर नव्याने केला की प्रमाणपत्र पुन्हा मागितले जाते आणि त्याच नावांसाठी आठवड्याला पाचच्या मर्यादेवर आपण जाऊन आदळतो.

ज्यांना ट्रॅफिक घेऊ नका असे मी सांगेन, तेही आहेत. ज्यांच्याकडे दोन-तीनच साइट आहेत आणि त्या वर्षभर बदलत नाहीत, त्यांना कॅडी हा दुसरा रिव्हर्स प्रॉक्सी अधिक सोपा पडेल. एका साइटला दोन-तीन ओळी पुरतात आणि प्रमाणपत्रेही तो आपणहून आणतो. ज्यांना फाइलींऐवजी पडद्यावर क्लिक करून काम करायचे आहे, त्यांच्यासाठी एनजिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर आहे. आणि ज्यांचे भांडण वेबच्या पोर्टचे नसून बाहेरून थेट डेटाबेसला जोडण्याचे आहे, त्यांना यातल्या कशाचाच फारसा उपयोग नाही. वेबच्या विनंतीत साइटचे नाव लिहिलेले असते, म्हणून एकाच दारातून अनेकांना वाट दाखवता येते. साध्या, टीएलएस या कूटबद्धतेविना येणाऱ्या जोडणीत नाव नसते, त्यामुळे तिथे प्रत्येकाला स्वतंत्र पोर्ट द्यावाच लागतो. तसेच जो कंटेनर यजमानाचेच नेटवर्क थेट वापरतो, त्याच्या बाबतीत ‘पोर्ट्स’चा आकडा गैरलागू होतो आणि त्याने आत जो पोर्ट धरला तो यजमानावरच धरला जातो. तिथे भांडण मिटवायचे असेल तर ॲप्लिकेशनच्या मांडणीतच पोर्ट बदलावा लागतो.

दस्तऐवजीकरण भरपूर आहे, पण पहिल्या आवृत्तीतले शब्द दुसरीत पार बदलले आणि जालावर जुन्या आवृत्तीचे नमुने अजून फिरत असतात. ‘फ्रंटएंड’ आणि ‘बॅकएंड’ असे शब्द दिसले की ते पान सोडून द्यावे. आताचे शब्द ‘राउटर’, ‘सर्व्हिस’ आणि ‘मिडलवेअर’ असे आहेत. शिकायला पहिला आठवडा जड जातो. मी ट्रॅफिकला पाचांत चार गुण देते, आणि गेलेला एक गुण सॉकेट व राउटरच्या नावांचा नियम या दोन्हींसाठी मिळून आहे.

यंदा हंगामाच्या आधी, मार्चच्या पहिल्या रविवारी, मी सर्व्हरची वायर मुद्दाम ओढली आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावली. तिन्ही साइट आपापल्या नावावर उठल्या. यादीत चौथाही एक कंटेनर दिसला: सहकाऱ्याने जानेवारीत चाचणीसाठी चालवलेला, हाताने थांबवलेला आणि ‘ऑलवेज’ धोरण तसेच राहिलेला. या वेळी त्याच्याकडे यजमानाचा कोणताही पोर्ट नव्हता, लेबलही नव्हते, त्यामुळे तो कोणाच्याही दारात आला नाही. मी तो काढून टाकला आणि काकांना फोन करून नोंदणी सुरू करायला सांगितली.